टीव्हीखालचं डेटा सेंटर

ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोलीहून महापेकडे जाताना खिडक्या जवळपास नसलेल्या मोठाल्या इमारती अधूनमधून दिसतात. आवारात ओळीने डिझेल जनरेटर, गच्चीवर गार हवेची अवाढव्य यंत्रं, गेटवर कडक तपासणी, आणि आत माणसं मोजकीच. ही डेटा सेंटरं. एमआयडीसीची जमीन आणि वीज हाताशी, मुंबईच्या किनाऱ्याला लागणाऱ्या समुद्राखालच्या केबल जवळ, म्हणून नवी मुंबईत ती एकापाठोपाठ एक उभी राहिली. पनवेलचं योट्टा कंपनीचं एनएम-१ हे डेटा सेंटर तर २०२० साली सुरू झालं. फोनमधला फोटो ‘क्लाउडवर गेला’ असं आपण म्हणतो, तेव्हा तो जगातल्या अशाच कुठल्यातरी इमारतीतल्या डिस्कवर जाऊन बसलेला असतो. डिस्क दुसऱ्याची, भाडं आपलं.

हे भाडं बरीच वर्षं जाणवत नव्हतं. गूगल फोटोजने फुकट अमर्याद साठवण १ जून २०२१ पासून बंद केली, तेव्हापासून १५ जीबीची फुकट जागा भरल्याचं लाल निशाण घराघरांत दिसायला लागलं. त्यातून पुष्कळ लोक ‘आपली डिस्क आपल्या घरी’ या विचारापर्यंत येतात आणि तिथे त्यांना नॅस भेटतो. नेटवर्कला जोडलेली साठवण, असा त्याचा साधा अर्थ.

मला ठाण्यातल्या एका ओळखीच्या दुकानदाराने असाच एक नॅस वापरून बघायला दिला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण सांगायचंय ते सगळ्याच कंपन्यांच्या यंत्रांना लागू आहे. जाडजूड दिवाळी अंकांचा गठ्ठा उभा ठेवावा एवढा आकार, पुढे राखाडी कापड, कडेला लाकडी पट्टी, एकच बारीक पांढरा दिवा. स्क्रू कुठेच दिसत नाहीत. टीव्हीखाली ठेवला तर आई म्हणाली, “नवीन स्पीकर आणलास का रे?”

या देखणेपणाची गंमत आणि धोका दोन्ही तिच्या प्रश्नात आलं. स्पीकर शोकेसच्या काचेआड ठेवला तरी चालतो, रात्री बटण बंद केलं तरी चालतं, मोडला तर नवा आणता येतो. नॅसला यातलं काहीच चालत नाही. महापेच्या इमारतीत वीज, थंडावा, पहारा, सुट्या डिस्का आणि दुसऱ्या शहरातली दुसरी प्रत हे सांभाळायला पगारी माणसं असतात. डिस्क घरी आणली की ही सगळी कामंही तिच्यासोबत घरी येतात. यंत्र जितकं सुबक, तितकी ही कामं नजरेआड जातात. म्हणून वापरून बघायला मिळालाच आहे, तर सुरू करून बघण्यापेक्षा बंद पाडून बघायचा, असं मी ठरवलं.

आत असतं काय

नॅस म्हणजे पडदा आणि कीबोर्ड नसलेला छोटा कॉम्प्युटर. एक साधा प्रोसेसर, थोडी मेमरी, एक, दोन किंवा चार हार्डडिस्का, पाठीमागे इथरनेट केबलचं भोक. आत बहुतेक वेळा लिनक्स चालतं. केबल राउटरला लावली की घरातल्या प्रत्येक फोन, लॅपटॉप आणि टीव्हीला तो दिसतो. कॉम्प्युटरवर तो एखाद्या फोल्डरसारखा उघडतो. त्यामागे एसएमबी नावाची बोली असते. ती आयबीएममध्ये १९८०च्या दशकात तयार झाली, मायक्रोसॉफ्टने वाढवली, आणि आज विंडोज, मॅक, अँड्रॉइड सगळ्यांना समजते.

यूएसबीच्या पोर्टेबल डिस्कपेक्षा फरक इतकाच, की ती एका वेळी एकाच यंत्राला लागते आणि तिला लावण्याची आठवण माणसाला राहावी लागते. नॅस कायम जागा असतो. फोन घरच्या वायफायवर आला की दिवसभराचे फोटो आपोआप उतरून घेतो. माझ्या मते नॅस घेण्याचं खरं कारण हे एकच. बाकी सगळी वैशिष्ट्यं खोक्यावर छापायला बरी.

या यंत्रात चेहरे ओळखण्याची सोय आहे, आणि ती इंटरनेटशिवाय, यंत्रातल्या यंत्रातच चालते. रात्रभर डिस्का कडकडत राहिल्या आणि सकाळी फोटोंचे माणसागणिक ढीग तयार. आजीचे साठ वर्षांतले फोटो, कृष्णधवल धरून, एकत्र आले हे बघून घरातले सगळे टीव्हीसमोर बसले. आई आणि मावशी मात्र यंत्राने एकच ठरवल्या. मावशीला हे फारसं आवडलेलं नाही.

केबलमधल्या आठ तारा

वेग हा नॅसचा सगळ्यात जास्त गैरसमजाचा भाग. नेटवर्कचा वेग बिटमध्ये मोजतात, फाइल बाइटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे गिगाबिट नेटवर्क, अर्थात सेकंदाला १००० मेगाबिट, याचा अर्थ जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट. प्रत्यक्षात ११० च्या आसपास मिळतात. या हिशेबाने १ टीबी माल चढवायला अडीच-पावणेतीन तास लागतात. आरसीसी भिंतीपलीकडच्या वायफायवर वेग २० मेगाबाइटपर्यंत घसरला तर तेच काम चौदा तासांचं होतं. पहिली भरणी केबल लावूनच करायची, मग रोजचे फोटो वायफायने जाऊ द्यात.

माझ्याकडे केबल लावूनही आकडा ११ च्या वर चढेना. बरोब्बर दहावा हिस्सा, म्हणजे जोडणी गिगाबिटऐवजी १०० मेगाबिटवर होत होती. याची दोनच नेहमीची कारणं. इंटरनेटवाल्याने दिलेल्या स्वस्त राउटरची भोकंच १०० ची असतात, किंवा केबल अर्धी असते. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात. १०० ला चार पुरतात. बिल्डरने भिंतीतून टाकलेल्या वायरिंगमध्ये इलेक्ट्रिशियन पुष्कळदा चारच तारा जोडून मोकळा होतो. उरलेल्या चारांवर कधी इंटरकॉमही काढलेला असतो. केबलच्या टोकाचं पारदर्शक प्लास्टिक उजेडात धरून बघितलं की आतल्या रंगीत तारा मोजता येतात. आमच्याकडे नारिंगीची जोडी आणि हिरव्याची जोडी होती, निळी आणि तपकिरी कापून मागे वळवलेली. राउटरपासून सरळ नवी केबल टाकली आणि आकडा ११२ झाला. खोक्यावर २.५ गिगाबिट लिहिलेलं असलं तरी राउटर किंवा स्विचही तेवढ्याचा असल्याशिवाय त्याचा उपयोग नाही, हेही इथेच सांगून टाकतो.

आठ विकत, साडेतीन वापरायला

या नॅसमध्ये ४ टीबीच्या दोन डिस्का होत्या. मोकळी जागा दिसली ३.६ टीबी. यात फसवणूक नाही, दोन वेगळे हिशेब आहेत.

पहिला हिशेब मोजमापाचा. डिस्क बनवणारे १ टीबी म्हणजे १ वर बारा शून्यं धरतात. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणून त्याचा टीबी सुमारे दहा टक्क्यांनी मोठा, आणि ४ चे ३.६४ होतात.

दुसरा हिशेब रेडचा. १९८८ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक शोधनिबंध मांडला. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी पुष्कळ स्वस्त छोट्या डिस्का एकत्र वापरता येतील, फक्त त्यातली एखादी मेली तरी काम थांबणार नाही अशी रचना हवी, असा त्याचा गाभा. या रचनांचं नाव रेड. घरगुती नॅसमध्ये दोनच प्रकार लक्षात ठेवायचे. दोन डिस्का असतील तर रेड-१, म्हणजे आरसा: जे एकीवर, तेच दुसरीवर. आठ टीबी विकत घेऊन चारच वापरायला मिळतात ते यामुळे.

तीन किंवा जास्त डिस्का असतील तर रेड-५. त्याची कल्पना इतकी साधी आहे की शाळेत शिकवावी. पहिल्या डिस्कवर ३ लिहिले, दुसरीवर ५, तिसरीवर त्यांची बेरीज ८. दुसरी डिस्क मेली? आठातून तीन वजा करा, पाच परत मिळाले. प्रत्यक्षात बेरजेच्या जागी बिटांवरची तशीच एक सोपी क्रिया असते आणि ही ‘बेरीज’ एकाच डिस्कवर न ठेवता सगळ्यांवर वाटलेली असते. ४ टीबीच्या तीन डिस्का लावल्या तर ८ टीबी वापरायला मिळतात आणि कुठलीही एक मेली तरी काही जात नाही. एकाच वेळी दोन मेल्या, तर मात्र सगळं जातं.

आता मुख्य परीक्षा. नॅसवरून लॅपटॉपवर ताईच्या लग्नाच्या कॅसेटचा व्हिडिओ लावला. मंगलाष्टकं सुरू झाली. नॅसच्या पुढचं कापड चुंबकाने बसवलेलं होतं, ते काढलं, दुसऱ्या डिस्कची कडी दाबली आणि चालू यंत्रातून डिस्क बाहेर ओढली. सगळ्याच यंत्रांत हे चालत नाही. माहितीपुस्तकात चालू असताना डिस्क काढता येते असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच करा, आणि आपला खरा माल भरण्याआधी करा.

व्हिडिओ थांबला नाही. अक्षता पडत राहिल्या. पांढरा दिवा नारिंगी झाला आणि यंत्र किंचाळायला लागलं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “ही काही माझ्या कुकरची शिट्टी नाही. बघ रे काय वाजतंय ते.” फोनवर सूचना आली ती बऱ्याच उशिरा, आणि ईमेल आलीच नाही, कारण ईमेलचा पत्ता वेगळ्या पानावर भरावा लागतो आणि सुरुवातीच्या सोप्या मांडणीत ते पान येतच नाही. डिस्क मेल्याची बातमी तुमच्यापर्यंत पोचली नाही तर आरशाला अर्थ उरत नाही. एका डिस्कवर नॅस महिनोन्‌महिने निमूट चालेल, आणि मग तीही जाईल.

डिस्क परत बसवली की यंत्र पहिलीवरून दुसरीवर सगळं नव्याने उतरवू लागतं. सेकंदाला १५० मेगाबाइट धरले तर ४ टीबीला साडेसात तास. एवढा वेळ उरलेली एकटी डिस्क सलग राबत असते आणि तिला जोडीदार नसतो. दोन्ही डिस्का एकाच दिवशी एकाच गठ्ठ्यातल्या घेतलेल्या असतील तर त्यांचं वयही सारखंच. म्हणून दोन वेगळ्या दुकानांतून, जमल्यास महिनाभराच्या अंतराने डिस्का घ्या असं जुने जाणते सांगतात, त्यात तथ्य आहे.

काढलेली डिस्क मी विंडोजच्या लॅपटॉपला लावूनही बघितली. पडद्यावर विचारणा आली, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायला हवी, करू का? इथे घाबरून ‘हो’ दाबणाऱ्यांनी आपले फोटो स्वतःच्या हाताने घालवलेत. डिस्क शाबूत असते. फक्त तिच्यावरची मांडणी लिनक्सची असते आणि विंडोजला ती आपणहून वाचता येत नाही. लिनक्स चालवून ती वाचता येते, निदान साध्या रचनेच्या नॅसमध्ये तरी. देखण्या यंत्रांपैकी काहींमध्ये डिस्क बाहेर काढायची सोयच नसते. आत एकच डिस्क, कवच चिकटवलेलं, वर कंपनीचं स्वतःचं कुलूपबंद सांकेतिकीकरण. असं यंत्र बिघडलं की डिस्क चांगली असूनही माल कंपनीच्या मर्जीवर. मला स्वतःला हे कुठल्याही सौंदर्यापायी मान्य नाही.

पुसलेलं दोन्हीकडून पुसतं

रेड म्हणजे बॅकअप नव्हे. हे वाक्य नॅसच्या खोक्यावर सिगरेटच्या पाकिटावरच्या इशाऱ्याएवढ्या अक्षरांत छापायला हवं.

आरसा डिस्क मरण्यापासून वाचवतो. माणसापासून वाचवत नाही. भाच्याने खेळता खेळता गणपतीचं फोल्डर उडवलं तर ते त्याच क्षणी दोन्ही डिस्कांवरून उडतं. खंडणीवाल्या व्हायरसने लॅपटॉपमधून शिरून फाइली कुलूपबंद केल्या तर दोन्हीकडच्या होतात. यासाठी स्नॅपशॉट नावाची सोय असते: ठरावीक वेळी यंत्र सगळ्या फाइलींची त्या क्षणाची स्थिती गोठवून ठेवतं, आणि नंतर बदललेला भागच फक्त वेगळी जागा खातो. मी एक फोल्डर मुद्दाम उडवून आदल्या रात्रीच्या स्नॅपशॉटमधून परत आणला. दोन मिनिटांचं काम. पण ही सोय बंद अवस्थेत आली होती, आणि स्वस्त यंत्रांत ती नसतेही. विकत घेण्याआधी विचारण्याचा हा पहिला प्रश्न.

स्नॅपशॉटही त्याच पेटीत. पेटी चोरीला गेली, शॉर्टसर्किटने जळली, पाण्यात गेली, तर सगळंच गेलं. २६ जुलै २००५ च्या पावसात ठाणे जिल्ह्यात आणि नवी मुंबईत तळमजल्यांवरच्या कपाटांतले अल्बम, निगेटिव्ह, कॅसेट लगदा होऊन बाहेर निघाले. त्या घरांतल्या लोकांना दुसऱ्या जागी दुसरी प्रत म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम हेच सांगतो: मालाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर.

ऐकायला खर्चिक वाटतं, पण घरगुती रूप स्वस्त आहे. नॅसच्या पाठीमागे यूएसबीचं भोक असतं. त्यात पोर्टेबल डिस्क लावून महिन्यातून एकदा पूर्ण प्रत काढायची आणि ती नातेवाइकाकडे ठेवायची. माझी बहीण नेरुळला राहते. ट्रान्स-हार्बर लोकलने डबा पोचवायला जातोच, त्याच पिशवीत डिस्क जाते आणि आधीची परत येते. या डिस्कवर पासवर्ड घालायला विसरू नका, लोकलमध्ये पिशव्या राहतात.

लाइट, ऊन आणि झुरळं

हार्डडिस्कच्या आत तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात आणि वाचणारं टोक त्यांच्यावर काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. चालू असताना लाइट गेली तर टोक सुरक्षित जागी परतण्याची सोय डिस्कमध्ये असते. त्यामुळे डिस्क सहसा वाचते. धोका अर्धवट लिहिलेल्या मजकुराला असतो. मी फाइल चढत असताना मुख्य बटण बंद केलं. पुन्हा सुरू झाल्यावर यंत्राने स्वतःहून तपासणी चालू केली, ती कित्येक तास चालली, आणि चढत असलेली फाइल गायब होती. बाकी सगळं ठीक.

उपाय यूपीएस. पण नुसता वीज पुरवणारा नको, यूएसबी केबलने नॅसशी बोलणारा हवा. म्हणजे बॅटरी संपत आली की तो नॅसला सांगतो आणि नॅस सगळं आवरून बंद होतो. राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस इथे पुरत नाही, दोन डिस्का एकदम फिरायला लागताना जास्त वीज ओढतात. लाइट परत आल्यावर आपोआप सुरू होण्याचं सेटिंगही बघून घ्या, नाहीतर गावी गेल्यावर एका झटक्याने नॅस आठवडाभर झोपलेला राहील.

विजेचं म्हणाल तर दोन डिस्कांचा नॅस सरासरी २० वॅट धरा. दिवसाचे चोवीस तास, महिन्याचे तीस दिवस, म्हणजे १४-१५ युनिट. आपल्या बिलावरच्या शेवटच्या टप्प्याच्या दराने गुणा, तो खरा आकडा.

जागा निवडताना सौंदर्य आणि हवा यांचं भांडण होतं. माझ्या यंत्राला बाजूने हवा आत घेऊन मागून बाहेर टाकायची होती, आणि टीव्ही युनिटला मागे प्लायवूड. दार बंद ठेवलं तर एप्रिलच्या दुपारी डिस्कचा पारा ५० च्या पुढे गेला. बाहेर फडताळावर तोच ४० च्या आसपास राहिला. माळ्यावर तर अजिबात नको. पोकळ लाकडी टीपॉयवर ठेवल्यास त्याची घरघर दुप्पट ऐकू येते, खाली जाड रबर घातलं की कमी होते. आणि उबदार, अंधाऱ्या जागा झुरळांनाही आवडतात. सेट-टॉप बॉक्स उघडून बघितलेल्या कुणालाही विचारा.

बाहेरून घरात

पुण्याला गेल्यावर घरच्या नॅसवरचा फोटो बघता येईल का? येईल, पण सरळ रस्त्याने बहुधा नाही. इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे पत्ते संपत आल्यामुळे बरेच इंटरनेटवाले शेकडो ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. सोसायटीच्या गेटवर पाकीट आलं, वर सोसायटीचं नाव आहे पण फ्लॅट नंबर नाही, तर वॉचमन ते कुणाला देणार? तुम्ही आतून बाहेर पत्र पाठवलं असेल तर उत्तर कुणाचं ते त्याला कळतं. बाहेरून आपणहून आलेलं मात्र गेटवरच अडकतं.

मग कंपन्या मधला मार्ग काढतात. नॅस आतून बाहेर कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी धरून ठेवतो आणि तुमचा फोन त्या सर्व्हरमार्फत आत येतो. सोपं आहे, पण घरच्या डिस्कची किल्ली पुन्हा दुसऱ्याकडे जाते. २०२३ च्या मार्चअखेरीस डिस्का आणि नॅस बनवणाऱ्या वेस्टर्न डिजिटलवर सायबरहल्ला झाला, त्यानंतर एप्रिलमध्ये तिची माय क्लाउड सेवा दहाएक दिवस बंद होती, आणि लोकांना स्वतःच्याच घरातल्या फाइलींसाठी ताटकळावं लागलं. त्याआधी जून २०२१ मध्ये याच कंपनीच्या माय बुक लाइव्ह या जुन्या यंत्रांवरचा माल इंटरनेटवरून परस्पर पुसला गेला होता. त्या यंत्रांना नवी सुरक्षा-दुरुस्ती देणं कंपनीने २०१५ सालीच थांबवलं होतं, पण यंत्रं घराघरांत चालूच होती.

म्हणून आणखी एक परीक्षा. राउटर चालू ठेवून त्यात येणारी इंटरनेटची केबल तेवढी काढली. लॅपटॉपवरून फोल्डर उघडलं, टीव्हीवर व्हिडिओ लागला. फोनचं सुबक अॅप मात्र लॉगिनच्या पानावर अडकून बसलं. म्हणजे यंत्र माझं, अॅप त्यांचं. बाहेरून पोचण्यासाठी टेलस्केलसारखं खासगी बोगद्याचं साधन नॅसवर बसतं का हे बघा. त्यात तुमची ओळखीची यंत्रंच एकमेकांना दिसतात. राउटरमध्ये भोक पाडून नॅस सगळ्या जगाला उघडा करण्याचा सल्ला यूट्यूबवर कुणी दिला तर तो व्हिडिओ तिथेच बंद करा.

डिस्का कुठल्या, आणि कुणी घेऊच नये

नॅसची पेटी आणि डिस्का बहुतेक वेळा वेगळ्या विकत घ्याव्या लागतात, आणि डिस्कांचा खर्च पेटीइतका किंवा त्याहून जास्त होतो. मुंबईत कॉम्प्युटरच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला गेलात तर दुकानदाराला दोनच गोष्टी विचारा. डिस्क चोवीस तास चालवण्यासाठी बनवलेली आहे का, आणि सीएमआर आहे का. दुसरा प्रकार एसएमआर. त्यात माहितीच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून लिहितात, त्यामुळे जास्त माल मावतो, पण एक पट्टी बदलायची तर शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. नॅसमध्ये मेलेल्या डिस्कची भरपाई चालू असताना अशी डिस्क रडकुंडीला आणते. आपल्याच डिस्का घ्या असा आग्रह धरणाऱ्या कंपन्यांपासूनही जपून. नॅस बनवणाऱ्या सिनॉलॉजीने २०२५ मध्ये काही नव्या मॉडेलांसाठी असा नियम आणला होता, ग्राहकांनी इतका आरडाओरडा केला की त्याच वर्षी तो मागे घ्यावा लागला.

घरात चार-पाच फोन, लग्नकार्यांचे व्हिडिओ, कुणाचं तरी कॅमेऱ्याचं वेड, असं सगळं मिळून एक-दोन टीबी झालं असेल, आणि नारिंगी दिवा लागल्यावर उठून बघणारं एक माणूस असेल, तर दोन डिस्कांचा, डिस्का बाहेर काढता येणारा, स्नॅपशॉट असलेला नॅस जरूर घ्या. कापडाचं तोंड असलं तर चांगलंच.

सगळा मिळून दोनशे-तीनशे जीबी माल असेल तर मात्र नॅसच्या फंदात पडू नका. १ टीबीच्या दोन पोर्टेबल एसएसडी घ्या, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन्हींवर प्रत काढा, एक कपाटात ठेवा आणि एक बहिणीकडे. आणि ठाण्यातल्या माझ्या शेजाऱ्यांसारखं तुम्हाला टीव्हीखालच्या त्या मोकळ्या जागेत काहीतरी छान हवंच असेल, तर स्पीकर घ्या.